लिहिलं तेंडुलकरांनी, मग जब्बार पटेलांनी केलं काय?

हा प्रश्न मला सांगलीतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये विचारला गेला. एकांकिकेच्या तालमी चालल्या होत्या. मी गेली वीस-बावीस वर्षं हौशी रंगभूमीवर पडद्यामागची कामं करतो, त्यामुळं मुलं अशा तालमींना बोलावतात. चहाच्या वेळी 'घाशीराम कोतवाल'चा विषय निघाला आणि दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी म्हणाली, "काका, नाटक लिहिलं विजय तेंडुलकरांनी. संगीत भास्कर चंदावरकरांचं. नाच बसवले कृष्णदेव मुळगुंदांनी. नाना फडणवीस झाले मोहन आगाशे. मग जब्बार पटेलांनी केलं काय ओ?"

बाकीची पोरं हसली. मला मात्र प्रश्न फार आवडला. नाटक-सिनेमा बघणाऱ्या कितीतरी लोकांच्या मनात तो असतो, पण विचारत कुणी नाही. लेखकाचे शब्द ऐकू येतात, नटाचा चेहरा दिसतो, गाणं घरी जाताना तोंडात राहतं. दिग्दर्शकाचं असं हातात धरून दाखवता येईल असं काहीच उरत नाही. एका चहात उत्तर संपलं नाही, म्हणून इथं सावकाश लिहितोय. 'घाशीराम'चे दिग्दर्शक जब्बार पटेल यांचीच कारकीर्द घेतो, कारण रंगमंच आणि पडदा या दोन्ही ठिकाणी दिग्दर्शक काय करतो हे एकाच माणसाच्या कामात इतकं स्वच्छ दिसण्याची संधी क्वचित मिळते.

आपल्या भाषेत नाटक 'बसवतात'. हा शब्द मला फार नेमका वाटतो. सोनार अंगठीत खडा बसवतो, गवंडी भिंतीत दगड बसवतो. दगड आधीच घडवलेला असतो, पण तो कुठं, कुठल्या अंगानं आणि कुणाच्या शेजारी ठेवायचा हे बसवणारा ठरवतो. दिग्दर्शकाचंही तसंच. या क्षणी प्रेक्षकाची नजर कुठं असावी आणि त्याला काय कळावं, हे तो ठरवतो. मग संहिता, नट, उजेड, संगीत, शांतता या सगळ्यांना त्या एका ठरवण्याकडं वळवतो.

हे काम करणारा माणूस मराठी रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला तो आपल्याच गावात. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं, विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते आणि तसं काही मराठीत व्हावं ही राजेसाहेबांची इच्छा होती. भाव्यांनी आख्यान रचलं, पदं रचली, पोरांना शिकवलं. खेळाची सुरुवात गणपती आणि सरस्वती रंगमंचावर येऊन होई. मग सूत्रधार पदं म्हणत कथा पुढं नेई आणि पात्रं त्या अनुषंगानं आपली भाषणं ऐनवेळी करत. म्हणजे खेळाची दोरी सूत्रधाराच्या हातात, आणि तो सगळ्यांच्या समोर उभा. पुढं छापील संहिता आली, पाठांतर आलं, नेपथ्य आलं आणि दोरी धरणारा हळूहळू विंगेत गेला. आजचा दिग्दर्शक तो तिथला.

आता जब्बार पटेलांकडं येऊ. जन्म १९४२ सालचा, पंढरपूरचा. शाळा सोलापूरला, नाटकाचं वेडही तिथलंच. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले, बालरोगतज्ज्ञ झाले आणि दौंडला दवाखाना चालवला. पुण्यात भालबा केळकरांची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, ही हौशी संस्था होती. तिथं ते नाटक करायला लागले. दिवसा मुलांना तपासणारा हा माणूस उरलेल्या वेळात नाटक बसवत होता. त्याच्या आजूबाजूलाही नोकरी-शिक्षण सांभाळून तालमीला येणारी मंडळी होती. हे मुद्दाम सांगतो, कारण सांगली-साताऱ्याची हौशी रंगभूमीही याच माणसांवर चालते. बँक सुटल्यावर तालीम, शाळा सुटल्यावर तालीम.

'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. गोष्ट पेशवाईतली. कनोजहून पुण्यात आलेला घाशीराम. पुण्यानं त्याचा अपमान केला, त्यानं सूड घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी स्वतःची मुलगी नाना फडणवीसांच्या पुढ्यात ठेवून कोतवाली मिळवली. पुढं त्याच्या जुलमानं पुणं पेटलं तेव्हा नानांनी त्याला हात झटकून लोकांच्या स्वाधीन केलं. थोडक्यात सांगायचं तर सत्ता राक्षस कसा तयार करते, वापरते आणि काम झाल्यावर कसा फेकून देते, ते.

तेंडुलकरांनी संहितेतच एक विलक्षण गोष्ट लिहून ठेवली होती, माणसांची भिंत. दहा-बारा ब्राह्मण ओळीनं उभे. ते गातात, डोलतात, वळून पाठ केली की भिंत होते, फुटले की गल्ली होते, माणसं होतात. आपल्याकडच्या खेळे, दशावतार, कीर्तन, तमाशा या सगळ्यांचं रक्त त्या ओळीत आहे. आणि सुरुवातीला गणपती येतो, सरस्वती येते. भाव्यांच्या सांगलीची आठवण मला तिथं दरवेळी होते.

पण मुलांना मी जे सांगितलं ते असं. कागदावर 'भिंत' हा एक शब्द आहे. लेखकाचं काम तिथं झालं. आता आठ जण उठा आणि भिंत करा.

आठ जण उभे राहिले. काहीच झालं नाही, बसची वाट बघणारी आठ पोरं दिसली. मग एकेक गोष्ट ठरवावी लागली. दोघांत अंतर किती? खांद्याला खांदा लागला तर भिंत भक्कम वाटते, पण डोलता येत नाही. वीतभर जागा ठेवली तर डोलता येतं, पण मागचं दिसतं. मागचं थोडंसं दिसावं की अजिबात दिसू नये? हात कुठं? वळताना सगळे एकदम वळणार की एका टोकाकडून लाट यावी तसे? एकदम वळले की दार आपटल्यासारखं वाटतं, प्रेक्षकाला बाहेर काढल्यासारखं. लाटेसारखं वळलं की पडदा कुणीतरी सावकाश ओढून घेतोय असं वाटतं. दोन्ही वळण्यांत शब्द एकही नाही, पण अर्थ वेगळा. आणि वळायचं नेमकं कधी? गाण्याच्या समेवर की समेच्या आधी अर्धा श्वास?

हे शंभर निर्णय म्हणजे दिग्दर्शन. पटेलांनी ते असे घेतले की सगळं नाटक एका तालात बांधलं गेलं. चंदावरकरांचं संगीत आणि मुळगुंदांचे पदन्यास त्यांनी मध्येमध्ये येणाऱ्या गाण्या-नाचांसारखे ठेवले नाहीत. नाटक गाण्यातूनच चालतं, नाचातूनच कट करतं. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्यासारखे गाते गळे त्या मंडळींत होते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की जी तोंडं देवाचं नाव घेतात तीच पुढच्या क्षणी बावनखणीच्या, म्हणजे पेशवाईतल्या पुण्याच्या वेश्यावस्तीच्या, वाटेला लागतात आणि तीच नानांचं कृत्य आपल्या पाठींनी झाकतात. भाषण न करता ढोंग दाखवलंय. एकाच माणसाकडून तिन्ही कामं करून घेतली की प्रेक्षकाला आपोआप कळतं. मोहन आगाशे यांचा नाना त्या भिंतीमागून, भिंतीतून जो वावरतो, त्याची भीती निम्मी त्यांच्या अभिनयात आहे आणि निम्मी त्या पाठींत.

नाटकावर वादळ उठलं. १९ प्रयोगांनंतर पीडीएच्या अध्यक्षांनी प्रयोग थांबवले. मग या मंडळींनी १९७३ साली थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. पुढं १९८० साली ते युरोपात गेलं. एवढा मोठा हौशी संच इतकी वर्षं एकत्र ठेवणं हाही बसवण्याचाच भाग आहे. ज्यानं आठ माणसांची एकांकिका दोन महिने सांभाळली आहे त्याला याचं वजन कळेल.

१९७८ साली 'तीन पैशाचा तमाशा' आलं. जर्मन नाटककार ब्रेख्तचं नाटक, पु. ल. देशपांड्यांचं मराठी रूप. नंदू भेंडेंचं पाश्चात्त्य ढंगाचं गाणं आणि माधुरी पुरंदरेंचा आवाज एकाच रंगमंचावर. इथंही तोच हात दिसतो, वेगवेगळ्या घराण्यांची माणसं एका चालीत चालवणारा.

आता सिनेमा. नाटक बसवणाऱ्याला सिनेमा आपोआप जमतो असं अजिबात नाही. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला नटाची पापणी दिसत नाही. त्याला अख्खं शरीर दिसतं, शरीरांमधलं अंतर दिसतं, आवाज ऐकू येतो. आणि तो हवं तिकडं बघू शकतो. नायक बोलत असताना कोपऱ्यातल्या नोकराकडं बघण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. त्यामुळं रंगमंचावरचा दिग्दर्शक नजर ओढून आणतो, उजेडानं, हालचालीनं, बाकीच्यांना स्थिर ठेवून. सिनेमात लेन्सनं जेवढी चौकट कापली तेवढंच जग. तिथं नजर ओढावी लागत नाही, ती आधीच बांधलेली असते. तिथला प्रश्न वेगळा: काय चौकटीबाहेर ठेवायचं, किती वेळ थांबायचं, कुणाच्या चेहऱ्यावर कापायचं. रंगमंचावर मोठा केलेला हातवारा चौकटीत आरडाओरडा वाटतो. नाटकातून आलेले कितीतरी चांगले लोक इथं अडखळतात.

पटेलांचा पहिला सिनेमा 'सामना', १९७५ चा. पटकथा तेंडुलकरांची, निर्माते रामदास फुटाणे. आणि विषय आपल्या दारातला. गळिताचा हंगाम, उसाच्या ट्रॉल्या, कारखान्याचा भोंगा आणि त्या सगळ्यावर एका माणसाची सत्ता हे सांगलीकराला कुणी समजावून द्यायला नको. हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारातून मोठा झालेला पुढारी. त्याच्या राज्यात एक दारुडा, विटलेला मास्तर येऊन पडतो. हिंदुराव त्याला घरी नेतो, खाऊ-पिऊ घालतो. आणि मास्तर गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? हा प्रश्न इतका मुरलाय की आजही राजकारणावर बोलताना लोक तो म्हणीसारखा वापरतात.

इथं दिग्दर्शकाचा पहिला मोठा निर्णय म्हणजे माणसांची निवड. हिंदुराव निळू फुले, मास्तर डॉ. श्रीराम लागू. फुले लोकनाट्यातून आलेले, हजारोंच्या गर्दीवर पकड ठेवायची सवय असलेले. लागू साताऱ्यात जन्मलेले, नाक-कान-घशाचे डॉक्टर, शहरी गंभीर रंगभूमीचे. दोघांच्या अभिनयाच्या शाळा वेगळ्या, श्वास घ्यायच्या जागा वेगळ्या. त्या दोघांना समोरासमोर बसवलं की शीर्षकातला सामना संवाद सुरू होण्याआधीच सुरू होतो. आणि दुसरा निर्णय असा की हिंदुरावाला खलनायक करायचं नाही. तो पाहुणचार करणारा, माणसं जोडणारा, कर्तबगार माणूस आहे. त्यानं गावाला पाणी दिलं असेल, शाळा दिली असेल. म्हणूनच प्रश्न टोचतो. ओरडणारा पाटील दाखवला असता तर आपण सुटलो असतो, 'असले लोक वाईटच' म्हणून घरी गेलो असतो. ज्याच्या घरी आपणही आनंदानं जेवलो असतो अशा माणसाला मारुती कांबळेबद्दल विचारायची हिंमत आपल्याला झाली असती का, हे सिनेमा आपल्याला विचारतो. मला हा मराठीतला सगळ्यात धाडसी पहिला सिनेमा वाटतो. तो त्या वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गेला.

एक प्रयोग सुचवतो, मुलांकडूनही करून घेतला. 'सामना'तला हिंदुराव आणि मास्तर समोरासमोर असलेला कुठलाही प्रसंग आवाज बंद करून बघा. कोण कुणाकडं बघतोय, कोण बघणं टाळतोय, कोणाचा चेहरा जास्त वेळ पडद्यावर राहतोय एवढंच मोजा. संवाद काढून टाकल्यावर जे उरतं ते बहुतेक दिग्दर्शकाचं असतं.

१९७७ च्या 'जैत रे जैत'मध्ये कारखाना नाही, मंत्रालय नाही, कर्जतकडचा डोंगर आणि ठाकर आहेत. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. ज्या आगाशे यांना सगळ्यांनी नाना म्हणून पाहिलं होतं त्यांना इथं मधमाश्यांच्या राणीशी वैर धरणारा नाग्या केलं. 'घाशीराम'सारखीच ही गोष्टही गाण्यावर चालते, पण इथलं गाणं ढोंग उघडं करत नाही, जगण्याचा भाग म्हणून येतं. एकच साधन, उलट वापर.

मग १९७९ चा 'सिंहासन'. हा मला शिकवायला सगळ्यात सोपा आणि करायला सगळ्यात अवघड वाटतो. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या घेऊन तेंडुलकरांनी एक पटकथा केली. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, झोपडपट्टी, विरोधक, अशी डझनभर सूत्रं. प्रेक्षक हरवायला दहा मिनिटं पुरेत. त्याला धरून ठेवण्यासाठी एक माणूस लागतो जो सगळीकडं जाऊ शकतो. तो म्हणजे पत्रकार दिगू टिपणीस. आणि दिगू कोण? निळू फुले! ज्यानं हिंदुराव केला त्याच्या हातात वही-पेन. सत्ता असलेला चेहरा काढून त्याच चेहऱ्याला फक्त बघायला लावलं. मुख्यमंत्री जिवाजीराव झाले कोल्हापूरचे अरुण सरनाईक, गोड चेहऱ्याचे, गाणारे नायक. अर्थमंत्री डॉ. लागू. लोकांच्या मनात नटाची जी प्रतिमा असते तिचाही दिग्दर्शक कच्चा माल म्हणून उपयोग करतो, हे इथं शिकायला मिळतं. दिगू सगळं बघतो, सगळं जाणतो, काही करू शकत नाही. भाव्यांचा सूत्रधार कथा चालवत होता. हा सूत्रधार कथेखाली चिरडला जातो. त्याचं शेवटचं ते वेड्यासारखं हसणं ज्यानं पाहिलं तो विसरत नाही.

१९८२ च्या 'उंबरठा'त चौकट एकदम लहान होते. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा सिनेमा, स्मिता पाटील आणि गिरीश कार्नाड. सुलभा घर, नवरा, लहान मुलगी मागं ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. तिथली व्यवस्था तिला टिकू देत नाही आणि परत आल्यावर घरातली तिची जागाही उरलेली नसते. शेवटी ती पुन्हा निघते, रेल्वेत बसलेली दिसते. दिग्दर्शक तिथं ती बरोबर की चूक हा निकाल देत नाही, तिच्या चेहऱ्यावर थांबतो. थांबणं ही सोपी गोष्ट नाही. तालमीत मी रोज बघतो, नवीन दिग्दर्शकाला शांततेची भीती वाटते, तो लगेच पार्श्वसंगीत घालतो. हाच सिनेमा हिंदीत 'सुबह' नावानं झाला. मराठी 'उंबरठा'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी पटेलांना पद्मश्री.

पुढच्या काळात 'एक होता विदूषक' आला, पुलंची पटकथा, लक्ष्मीकांत बेर्डे यांना हसवण्याच्या पलीकडं नेणारा. 'मुक्ता' आला, ज्यात सोनाली कुलकर्णी होत्या. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार आहेत. चांगले सिनेमे आहेत, पण या लेखाच्या प्रश्नाला त्यांच्यामुळं नवं उत्तर मिळत नाही.

'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या सिनेमामुळं मात्र मिळतं. साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको की ७ नोव्हेंबर १९०० ला छोटा भीमराव तिथल्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये दाखल झाला होता. अशा माणसावर सिनेमा करायचा, ज्याचा फोटो घरोघरी आहे, ज्याचा शब्दन् शब्द नोंदलेला आहे. इथं दिग्दर्शकाला कल्पनेची मोकळीक जवळजवळ नाही. काम उरतं ते अभ्यासाचं आणि वगळण्याचं. एवढ्या प्रचंड आयुष्यातून तीन तासांत काय ठेवायचं? पटेलांनी मल्याळी अभिनेते मामुट्टी यांना घेतलं आणि सिनेमा इंग्रजीत केला, परदेशातल्या विद्यार्थीदशेपासून धर्मांतरापर्यंतचा. मामुट्टींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या माणसानं 'घाशीराम'मध्ये प्रत्येक पाठ नाचवली होती, त्यानं इथं स्वतःला मागं घेतलं. विषय मोठा असेल तर आपली कारागिरी दिसू न देणं, हेही बसवणंच.

शंभराव्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडं होतं. करोनामुळं ते संमेलन लांबत गेलं आणि शेवटी जानेवारी २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडला झालं.

हे सगळं त्या मुलीला मी दोन-तीन तालमींत मिळून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा ती खुर्चीवर बसली नव्हती. हॉलच्या अगदी शेवटी, भिंतीला टेकून उभी होती आणि समोर आठ जण ओळीत. त्यांच्या एकांकिकेत नदीचा पूर आहे, तो माणसांनीच दाखवायचा असं तिनं ठरवलं होतं. ती जवळ आली, डावीकडून तिसऱ्या मुलाला खांद्याला धरून अर्धं पाऊल मागं घेतलं आणि पुन्हा शेवटाला जाऊन उभी राहिली. ओळीत एक खाच पडली. पाणी तिथून आत येणार हे शब्दाविना कळलं. मी काही बोललो नाही. फरशीवर खडूनं त्याच्या पावलांची खूण तेवढी करून दिली.

प्रयोगाला नऊ दिवस आहेत. उजव्या टोकाची दोघं अजून उशिरा वळतात.